बाहुलीला कमी कळू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगरपट्ट्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत. मॅडमनी सुट्टीत बसून आठ बाहुल्या शिवल्या, पाऊस कसा पडतो यावर दहा मिनिटांचा खेळ लिहिला आणि करून दाखवला. पोरं खूश. पण नंतरच्या चाचणीत बाष्पीभवनाच्या प्रश्नाला आधीचीच चुकीची उत्तरं आली. मग मुलांकडून नाटक करून घेतलं, तर वर्गाचा आठवडी बाजार झाला. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन उरका. त्यात मॅडमना आवाज बदलता येत नाही आणि अभिनय करायची लाज वाटते. हे चालू ठेवावं की सोडावं, असं त्या विचारतात.

सोडू नका. पण आत्ता जसं चाललंय तसं चालू ठेवण्यातही फारसा अर्थ नाही.

मॅडम, त्या खेळातले संवाद कुणी लिहिले? तुम्ही. पाण्याची वाफ कशी होते ते कुणी सांगितलं? सूर्याच्या बाहुलीनं, म्हणजे पुन्हा तुम्हीच. मुलांनी काय केलं? बघितलं, हसली, टाळ्या वाजवल्या. व्याख्यान तेच राहिलं, बोलणारं तोंड तेवढं कापडाचं झालं. डोक्याला काम पडलं ते तुमच्या, मुलांच्या नाही. म्हणून चाचणीत फरक पडला नाही. गोंधळ, वेळ, लाज हे पुढचे प्रश्न आहेत. त्या तासाला विचार कोण करत होतं, हा पहिला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलून टाकतो. पंचवीस मुलांच्या वर्गात जे जमतं ते साठांच्या वर्गात तसंच्या तसं जमत नाही. शेजारच्या खोलीची भिंत पत्र्याची असेल तर तिथल्या गुरुजींशी आधी बोलून घ्यावं लागतं. आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे दिवाळीनंतर पट अर्धा होतो. बीड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शाळांना हे सांगायला नको. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघाले की कुणी लेकरू सोबत जातं, कुणी हंगामी वसतिगृहात राहतं, कुणी आजीकडे. ज्या नाटकात राजाचं काम ठरलेल्या मुलाकडेच आहे, ते नाटक अशा शाळेत डिसेंबरात मोडतं. मी वर्गात पाठांतराचं नाटक घेत नाही, त्याचं अर्धं कारण हेच आहे.

आता बाहुलीकडे येतो. बाहुलीनं मुलांना शिकवायचं नाही. मुलांनी बाहुलीला शिकवायचं. म्हणून बाहुलीला वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा कमी कळलं पाहिजे, आणि तिची चूक अशी पाहिजे की जी तुमच्या वर्गातली निम्मी मुलं खरोखर करतात.

माझ्या बाहुल्याचं नाव टिल्लू. वर्गात नि गावात त्या नावाचं कुणी नाही हे आधी बघून घेतलं. तुम्हीही बघा, नाहीतर त्या नावाच्या पोराचं वर्षभर हसं होतं. टिल्लू फळ्यावर ४२ मधून १७ वजा करतो आणि उत्तर काढतो ३५. पोरं ओरडतात, चुकलं! टिल्लू हटत नाही. "मोठ्यातून बारकं जातंय की! सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. झाले पस्तीस. सांगा, कुठं चुकलं?" आता मुलांना 'चुकलं' एवढ्यावर सुटता येत नाही. कुणीतरी काड्यांचे गठ्ठे घेऊन पुढं येतं, चार दशकांतला एक गठ्ठा सोडून दाखवतं, बारातून सात काढतं. टिल्लू मध्येच विचारतो, "गठ्ठा सोडायचा कुणी सांगितलं तुला?" हा प्रश्न शिक्षक म्हणून मी विचारला तर पोरगं गप्प बसतं, कारण सरांना उत्तर माहीत आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. टिल्लूला माहीत नाही. त्याला सांगायची खरी गरज आहे. आणि ज्या पोरीच्या वहीतही ३५ च लिहिलेलं आहे ती गुपचूप खोडून २५ करते. चूक टिल्लूची होती, तिची कुणाला दिसली नाही.

तुमचे दोन वर्ग एका खोलीत असण्याचा इथं फायदाच आहे. टिल्लूला तिसरीचं येत नाही, चौथीनं शिकवायचं. चौथीची उजळणी होते, तिसरी ऐकून शिकते.

पावसाचा पाठही असाच उलटा करा. टिल्लू म्हणेल, "वाळत घातलेल्या धोतरातलं पाणी दोरी पिऊन टाकती." हसू नका, असं मानणारी मुलं असतात, आणि पाणी फडक्यातच मुरलं म्हणणारीही. मग मुलांनी ठरवायचं की टिल्लूला खोटं कसं पाडायचं. ओलं फडकं दोरीऐवजी दगडावर टाकून बघतील. पत्र्याच्या झाकणीत पाणी घालून उन्हात ठेवतील, तिथं दोरी नाही तरी पाणी गेलं. दुसरी झाकणी सावलीत ठेवा असं एखादं पोर स्वतःच सुचवतं. शेवटी 'टिल्लूला समजावून सांगणारी चिठ्ठी' वहीत लिहायची, पाच ओळी. ही चिठ्ठी त्याच दिवशी लिहून घ्या. तुमच्या चाचणीचं उत्तर या चिठ्ठीत आहे. तोंडी कितीही रंगलं तरी कागदावर उतरलं नाही तर लेखी परीक्षेत ते येत नाही. खेळ दहा मिनिटं, लिहिणं पंधरा मिनिटं, हे प्रमाण मी मोडत नाही.

आवाजाची काळजी सोडून द्या. बाहुलीनं बोललंच पाहिजे असं नाही. ती तुमच्या कानात सांगेल, तुम्ही तुमच्याच आवाजात मुलांना सांगाल: "टिल्लू म्हणतोय, त्याला हे पटलं नाही." मुलं हे सहज स्वीकारतात. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावासारखं ओठ न हलवता बोलायला आयुष्याची साधना लागते, आपल्याला त्याची गरज नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. बाहुली बोलत असताना तुम्ही तिच्याकडे बघा, मग मुलंही तिच्याकडेच बघतात. तुम्ही मुलांकडे बघत राहिलात तर त्यांची नजर तुमच्या तोंडावर येते. आणि दुसरं कुणी बोलत असेल तेव्हा बाहुली स्थिर ठेवा. नवे लोक बाहुली सारखी थरथर हलवत राहतात, मग कोण बोलतंय ते कळत नाही. हातबाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट हातांत, मनगट सरळ. पडदा, स्टेज काही नको. काम झालं की ती थैलीत जाते. टेबलावर निर्जीव पडलेली बाहुली मुलांनी बघितली की तिची गंमत लवकर उतरते.

सामानाबद्दलही लोक उगाच अडतात. प्रशिक्षणाच्या व्हिडिओत मोज्याची बाहुली दाखवतात. आपल्या पोरांच्या पायात मोजे कुठून येणार? घरोघरी साठलेल्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घ्या, चित्र काढून कापा, मागं तुराटी नाहीतर कडब्याचं धाट बांधा, काठीबाहुली तयार. डोकं करायचं असेल तर रद्दी भिजवून लगदा करा, मैद्याची खळ घाला आणि थोडी मेथीपूड, म्हणजे कीड लागत नाही. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका. हे सगळं कार्यानुभवाच्या तासाला करा, गणिताच्या नाही. छायाबाहुलीला पांढरा पंचा आणि बॅटरी पुरते, आणि बाहुली बॅटरीजवळ नेली की सावली मोठी का होते, हा प्रकाशाचा पाठ तिथल्या तिथं होऊन जातो.

कळसूत्री बाहुल्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. ती वेगळी विद्या आहे. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. मुलांना ती कला म्हणून जरूर दाखवा. शिकायची हौस असेल तर दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राच्या, म्हणजे सीसीआरटीच्या शिक्षकांसाठीच्या कार्यशाळांत बाहुलीनाट्यही असतं, शिक्षण विभागामार्फत जाता येतं.

अडाण्यानं विचारायचं आणि त्या निमित्तानं सगळ्यांना कळायचं, ही रीत आपल्या मातीत जुनीच आहे. पैठणच्या एकनाथांची भारुडं गावात होतात तेव्हा बघा: एक सांगणारा, आणि एक साथीदार जो मुद्दाम येड्यासारखं विचारतो. त्याच्या प्रश्नामुळंच सांगणाऱ्याला सोपं करून सांगावं लागतं.

भाषेचं एक सांगायचं आहे, कारण तांड्यावरून येणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. पहिलीत-दुसरीत गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारं लेकरू महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही आणि आपण त्याला 'मंद' म्हणून मोकळे होतो. माझ्याकडे एक बाहुली आहे, तिला फक्त गोरमाटी कळते. मला ती भाषा मोडकीतोडकीच येते, त्यामुळं दुभाष्याची खरोखर गरज पडते. वर्गात गप्प बसणारं पोरगं त्या दिवशी सगळ्यांच्या कामाचं होतं. इतर वेळी टिल्लू "काय करायलास?" असंच बोलतो, पुस्तकातलं 'काय करीत आहेस' नाही. लिहायची वेळ आली की मुलं त्याचं बोलणं पुस्तकी मराठीत करून देतात. हा भाषेचा उत्तम सराव आहे, आणि यात घरच्या बोलीला कुणी नावं ठेवत नाही.

कारखान्यावरून मार्च-एप्रिलात परत येणाऱ्या मुलांसाठीही बाहुली उपयोगी पडते. दिवाळीनंतर टिल्लूही अधूनमधून गायब असतो, मामाच्या गावाला गेलेला. मुलं परतली की तोही येतो आणि त्याला मधलं काहीच आठवत नसतं. मग त्याला पहिल्यापासून सांगणं भाग पडतं. 'कारखान्यावर गेला होता' असं मी म्हणत नाही. मुलांना कळायचं ते कळतं, बोट मात्र कुणाकडे जात नाही.

आता नाटक आणि गोंधळ. वर्गातलं नाटक आणि गॅदरिंगचं नाटक यांची आपण गल्लत करतो. गॅदरिंगला बघणारे लोक असतात, म्हणून पाठांतर, वेशभूषा, चांगली बोलणारी तीच ती चार पोरं. वर्गात बघणारं कुणी ठेवायचंच नाही. सगळे आत. बसून राहिलेली तीस पोरंच गोंधळ घालतात. ज्याला काम आहे तो आवाज करतो, पण तो आवाज वेगळा असतो. काही दिवसांत तुमच्या कानाला फरक कळायला लागेल.

सुरुवात स्थिरचित्रापासून करा. मुलांना स्टॅच्यूचा खेळ येतोच. "एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकली" एवढंच सांगा, चार-चारचे गट, एक मिनिट, आणि स्टॅच्यू! कुणी बोलायचं नाही. मग तुम्ही फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावायचा. ज्याला लावला त्यानं आपण कोण आणि मनात काय चाललंय ते एका वाक्यात सांगायचं. आवाज तुमच्या हातात राहतो, लाजाळू मुलालाही एकच वाक्य बोलायचं असतं. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढं जाऊ नका. 'स्टॅच्यू'वर वर्ग थांबत नसेल तर हालचालीचं नाटक घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

पुढची पायरी म्हणजे शिक्षकानं स्वतः एक भूमिका घ्यायची. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांनी ही पद्धत रुजवली: शिक्षक अडचणीत सापडलेला माणूस होतो आणि मुलं जाणकार होतात. अभिनय लागत नाही. खांद्यावर उपरणं टाकलं की मी पात्र, काढलं की सर. पाचवीपासूनच्या वर्गासाठी माझा आवडता पाठ लातूरच्या पाण्याच्या गाडीचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. मी पाणीवाटपाचा अधिकारी होतो आणि म्हणतो, "५ लाख लिटर आलंय, भरपूर आहे, घरटी २०० लिटर सोडतो." मुलं नगरसेवक, दवाखान्याच्या परिचारिका, गल्लीतल्या बाया. भागाकार कुणी सांगावा लागत नाही: २,५०० घरं. मग कुणीतरी विचारतं, शहरात माणसं किती? २०११ च्या जनगणनेत चार लाखांच्या जवळपास. म्हणजे माणशी सव्वा लिटर. इथं वर्ग एकदम शांत होतो आणि खरं भांडण सुरू होतं: दवाखाना आधी की शाळा, बोअर असलेल्या घराला द्यायचं का. मी अडाणीच राहतो, "मग मी करू काय?" एवढंच विचारतो. शेवटी प्रत्येकानं आपल्या भूमिकेतून मला अर्ज लिहायचा. अर्जलेखन आणि भागाकार दोन्ही एका बैठकीत झाले, हे मुख्याध्यापकांना वहीवरून दाखवता येतं.

मुख्याध्यापकांचं तेवढंच औषध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेतून शिक्षणावर भर आहे, हे खरं. पण धोरणाचा कागद दाखवून कुणी पटत नाही. त्यांना खेळ बघायलाही बोलावू नका, मुलं लगेच गॅदरिंगच्या सुरात जातात. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठातून मुलाला काय यायला हवं, कोणती धरली ते पाठाच्या टाचणात लिहा आणि आधीची-नंतरची वही समोर ठेवा. वेगळी तासिका मागू नका. आणि प्रत्येक पाठाला नाटक लावू नका. पाढे, शुद्धलेखन, रीत पक्की करणं याला सरावच लागतो. आठवड्यातून दोनदा बाहुली आणि पंधरवड्यातून एकदा नाटक, एवढं पुष्कळ झालं.

एका गोष्टीवर तुम्ही काही विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भूमिका कुणाला काय देता याकडे फार लक्ष ठेवा. घरच्या धंद्यावरून किंवा जातीवरून पोराला काम देऊ नका. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं नाटुकलं सगळीकडे बसवतात आणि रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणारा हत्यारबंद माणूस कोण, तर वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा. मोठी माणसं टाळ्या वाजवतात, ते पोर घरी काय घेऊन जातं याचा विचार कुणी करत नाही. रझाकारांच्या विरोधात लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्या शोएबुल्ला खान या संपादकाचा खून झाला, त्याची गोष्ट त्याच वर्गात सांगता येते. सातवी-आठवीला मी मारामारी घेतच नाही, निर्णयाचा क्षण घेतो: १९३८, निजामाच्या राज्यातल्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी, म्हटलं तर नाव काढून टाकणार. घरून शेत विकून फी भरली आहे. गाणार का? निम्मा वर्ग बापाच्या बाजूनं बोलतो, निम्मा पोराच्या. तलवारी न काढता इतिहास कळतो.

शेतकरी आत्महत्या, दारू, बालविवाह या विषयांवर जागृतीची नाटकं बसवायचा आग्रह वरून होतो. ज्या घरात ते घडलंय त्या घरचं लेकरू तुमच्या वर्गात बसलेलं असू शकतं, आपल्या भागात तर बहुधा असतंच. गळफासाचा प्रसंग वर्गात कधीही करू नये, स्थिरचित्रातही नाही. बाहुलीशी बोलता बोलता एखादं मूल एकदम घरचं काही बोलून जातं. त्या वेळी बाहुलीच्या तोंडून खोदून विचारू नका. "हे आपण नंतर बोलू" म्हणून खेळ हलकेच दुसरीकडे वळवा आणि सुट्टीत, बाहुली बाजूला ठेवून, त्या मुलाशी स्वतः बोला. गंभीर काही असेल तर मुख्याध्यापक आणि घरचं विश्वासाचं माणूस यांना घेऊनच पुढं जा. आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही.

राहिल्या तुमच्या आठ बाहुल्या. त्यातली एकच ठेवा, सगळ्यात साधी, आणि तिला पुढच्या सोमवारी हातच्याची वजाबाकी चुकू द्या. उरलेल्या सात चौथीच्या मुलांकडे देऊन टाका. पहिली-दुसरीला गोष्ट सांगायला त्या लागतील, तुम्ही त्यात पडू नका. फक्त कोणत्या मुलाच्या हातात बाहुली आली की ते जास्त बोलतं, याची नोंद ठेवा. पुढच्या खेपेला टिल्लूसारखा तुमचा बाहुला मदत मागायला त्याच मुलाकडे जाईल.